ओपन म्हणजे कोणासाठी ओपन?

मी मालेगाव तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. मालेगाव म्हटलं की बाहेरचे लोक नाशिकचं समजतात. आपलं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं.

आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द इंग्रजी आहे, पण तुमच्यापैकी कोणालाच तो शिकवावा लागणार नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा दिवसातून दोनदा तो बोलते. तो शब्द म्हणजे ओपन. दुकान ओपन आहे का? बँकेत खातं ओपन केलं का? मोबाईल ओपन होत नाही. रोडच्या कडेचा प्लॉट ओपन पडला आहे. पोरीचा कास्ट कोणता, ओपन का? आणि अलीकडे गावोगावी ऐकू येणारं वाक्य, "ताई, आपल्या गावची सीट ओपन निघाली."

या शेवटच्या वाक्यासाठीच मी आज बोलायला बसले. आपल्या तालुक्यातल्या एका गावात मी गटाच्या बैठकीला गेले होते. सरपंचपदाच्या आरक्षणाचा विषय निघाला. त्या गटातल्या एक ताई सहा वर्षांपासून गटाचा हिशोब बघतात. व्याज तोंडी काढतात, बँकेच्या मॅनेजरशी न घाबरता बोलतात. दोन महिन्यांपासून बाया त्यांना म्हणत होत्या की तुम्ही उभ्या राहा. त्या दिवशी त्याच ताई म्हणाल्या, "जाऊ द्या आता, सीट ओपन निघाली. आता आपल्या बायायचं काय काम? ते माणसायची हाये." सगळ्यांनी माना हलवल्या आणि बैठक कर्जाच्या हप्त्यांकडे वळली. त्या ताईंना कोणी नाही म्हटलं नव्हतं. एका शब्दानं त्यांना परस्पर घरी बसवलं, आणि तो शब्द होता ओपन, म्हणजे उघडा, सगळ्यांना खुला!

असं का होतं? मला वाटतं, आपण इंग्रजी शब्द घेतला पण त्याच्या पोटातले अर्थ वेगळे करून बघितले नाहीत. आपल्या मराठीत त्या एका शब्दासाठी निदान चार शब्द आहेत. उघडं, मोकळं, खुलं आणि मुक्त. बाईला या चारही शब्दांतला फरक बरोबर कळतो. दार उघडं असतं. पण बाईबद्दल "उघड्यावर पडली" म्हटलं, तर तिच्यामागे कोणी उरलं नाही असा त्याचा अर्थ. मोकळं म्हणजे हायसं वाटणारं. बाळंतीण सुखरूप सुटली की आपल्याकडे म्हणतात, बाई मोकळी झाली. खुलं म्हणजे कोणीतरी परवानगी दिलेलं, सगळ्यांना येऊ दिलेलं. आणि मुक्त म्हणजे ज्याला परवानगीच मागावी लागत नाही. ओपन म्हटलं की हे चारही एकाच पोत्यात जातात, आणि मग ज्याला जो पाहिजे तो अर्थ काढता येतो.

आता बँकेचं घ्या. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि गावोगाव बायांची खाती ओपन झाली. बाकी शून्य असली तरी चालणारी खाती. चांगलं काम झालं, ते नाकारायचं नाही. पण पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये यायची वेळ आली, तेव्हा किती बाया पासबुक शोधत फिरल्या ते मी बघितलं आहे. कोणाचं पासबुक नवऱ्याच्या पेटीत, कोणाच्या खात्याला दिराचा मोबाईल नंबर, कोणाचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. खातं नावावर ओपन, पण तिच्यासाठी बंद. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय करते. ते परत चालू करायला केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून तसं स्पष्ट सांगितलं आहे. कोणी शे-दोनशे मागितले तर देऊ नका. आणि खात्याला लावलेला मोबाईल नंबर कोणाच्या खिशात आहे, तेवढं आजच घरी गेल्यावर बघा. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खात्याची किल्ली त्याच्याकडे असते.

जागेचं तर याहून गमतीचं आहे. आपल्या वऱ्हाडात ई-क्लास जमीन हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. सरकारची जमीन, गावाची गुरं चारण्यासाठी ठेवलेली. गावातले लोक तिला काय म्हणतात? "ते ओपन जागा हाये." म्हणजे कोणाचीच नाही. कोणाचीच नाही म्हटलं की पहिल्या वर्षी कोणी कडबा रचतो, दुसऱ्या वर्षी काटेरी कुंपण येतं, तिसऱ्या वर्षी सोयाबीन. आणि ज्या बाईला एक गुंठा शेत नाही, जिचं घर चार शेळ्यांवर चालतं, ती शेळ्या घेऊन रोडच्या कडेला उभी राहते. तिला कोणी हाकललं का? नाही, कुंपण फक्त थोडं पुढे सरकलं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याची योजना करा. म्हणजे कायद्याच्या भाषेत ओपन जागा कोणाचीच नसलेली जागा नाही, सगळ्या गावाची जागा आहे. ती सगळ्यांची, म्हणून शेळीवालीचीही.

मालेगाव शहरात नवे ले-आऊट पडले आहेत, तिथंही हेच. साधारण एक एकरापेक्षा मोठं ले-आऊट असलं तर नियमाप्रमाणे त्यात दहा टक्के ओपन स्पेस सोडावा लागतो. लेकरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. प्लॉट घेताना नकाशात ती हिरवी जागा बघून घ्या. विकणारा माणूस बोटानं दाखवतो, "इथं गार्डन होणार." दहा वर्षांनी तिथं काय आहे, ते तुमचं तुम्हीच बघा. बहुतेक ठिकाणी गाजरगवत असतं.

आता रस्ता. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, आपल्या तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ओपन झाला, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा होऊन सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता ओपन झाला. टीव्हीवर हाच शब्द होता. पण त्या रस्त्यावर टू-व्हीलर चालत नाही, ऑटो चालत नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही, पायी माणूस तर नाहीच. ते नियमानं बरोबर आहे, तेवढ्या वेगाच्या रस्त्यावर बैलगाडी गेली तर जीव जाईल. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या गटांतल्या बायांकडे काय वाहन आहे? पाय, ऑटो आणि घरच्या माणसाची फटफटी. मग तो रस्ता ओपन झाला म्हणताना आपण टाळ्या वाजवल्या, त्यात आपल्यासाठी नेमकं काय ओपन झालं, हे कोणी विचारलं नाही. ज्यांची शेतं रस्त्याच्या पलीकडे राहिली, त्या बायांसाठी महत्त्वाचा असतो खालचा बोगदा. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं की निंदायला जाणं बंद. बोगद्याचं उद्घाटन कोणी करत नाही, म्हणून तो ओपन आहे की बंद याची बातमी होत नाही.

एक गोष्ट जाता जाता. हागणदारीमुक्त गावाला सरकारी कागदात ओडीएफ म्हणतात. त्यातला पहिला ओ म्हणजे हाच आपला ओपन. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. इथं ओपनपासून सुटका मिळाली म्हणून आपण खूश झालो, आणि रास्तच झालो. अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसणं काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बाईला भिंतही लागते. सगळंच ओपन असावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

शिक्षणातलं ओपन मात्र मला मनापासून आवडतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. त्याच्या वीस वर्षं आधी इंग्लंडमध्ये ओपन युनिव्हर्सिटी निघाली होती, त्याच विचाराचं. आपल्या लोकांनी नाव ठेवताना ओपनचं भाषांतर "उघडं" केलं नाही, "खुलं"ही केलं नाही. मुक्त केलं. ज्यानं कोणी तो शब्द निवडला, त्याला बाईचं मन कळत असावं. माझी बी.ए. तिथलीच. लग्न झालेलं, मूल लहान, रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं. घरी पुस्तकं आली, रविवारी अभ्यास केंद्रावर जायचं. फी मात्र भरावी लागते, परीक्षाही द्यावी लागते. मुक्त म्हणजे फुकट नाही. आमच्या गटातल्या एक काकू म्हणायच्या, "मुक्त विद्यापीठ म्हन्ते आन् पेपर काहून घेते मंग?"

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्यासाठी तुम्हाला थोडं मागे घेऊन जाते, महाडला. चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हाला माहीत आहे, २० मार्च १९२७. पण त्याच्या आधीचं फार कमी बाया सांगतात. मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये स्वतःचाही ठराव केला की चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे. म्हणजे बघा, तळं कागदावर ओपन होतं. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं गेली, पण एकाही दलित माणसाची तिथं ओंजळ भरायची हिंमत होऊ दिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते तळं खरं ओपन झालं. लगेच मारहाण झाली. गोमूत्र टाकून तळं शुद्ध केलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. कोर्टात खटला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये. ठरावापासून धरलं तर तेरा वर्षं.

तळ्यात आणि सरपंचपदात मोठा फरक आहे, माणसाच्या पाण्याशी कशाचीच बरोबरी करू नये. पण एवढं मी त्यातून घेते की कागदावरचं खुलं आणि पायाखालचं खुलं यांच्यामधलं अंतर चालून पार करावं लागतं, आणि पहिल्यांदा चालणाऱ्याला त्रास होतो.

तर सीट ओपन निघाली म्हणजे काय? सरकारी यादीत ओपन असा शब्दच नसतो. तिथं लिहिलेलं असतं "सर्वसाधारण". आणि दुसऱ्या काही जागांपुढे "सर्वसाधारण स्त्री". बाकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग, आणि त्यांतल्या स्त्रियांच्या जागा. आता नीट ऐका. "सर्वसाधारण स्त्री" म्हणजे तिथं फक्त बाईच उभी राहू शकते, कोणत्याही जातीची. "सर्वसाधारण" म्हणजे कोणीही उभं राहू शकतं. बाप्या, बाई, मराठा, बौद्ध, वंजारी, बंजारा, मुसलमान, कोणीही. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. आपल्या गावात ओपन या एका शब्दाचे दोन चुकीचे अर्थ चिकटले आहेत. एक, ओपन म्हणजे ओपन कास्टवाल्यांची. दोन, ओपन म्हणजे माणसांची. कोणत्याच कायद्यात असं लिहिलेलं नाही. आरक्षित जागा ही कोणासाठी तरी राखून ठेवलेली असते. सर्वसाधारण जागा कोणासाठीच राखलेली नसते, पुरुषांसाठीसुद्धा नाही.

उभं राहायला काय लागतं? गावच्या मतदार यादीत नाव, वय एकवीस पूर्ण, घरी संडास आणि त्याचा वापर. आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेलेली नसावी. शिवाय ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकवू नका, फॉर्मच्या वेळी हाच मुद्दा उकरला जातो. नावावरची मागणी बिलं भरून पावत्या जपून ठेवा.

काही बाया म्हणतील, आरक्षण आहे ना, मग ओपनमध्ये कशाला घुसायचं? २४ एप्रिल १९९३ ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांच्या झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आरक्षणानं आपल्याला दार दाखवलं, ते खरं. पण त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला शेतकरी महिला आघाडीच्या बाया पूर्ण पॅनेल करून लढल्या आणि ग्रामपंचायत त्यांच्या हातात आली. तेव्हा ७३वी घटनादुरुस्ती व्हायची होती. त्या बहुतेक सगळ्या आजच्या भाषेत "ओपन" जागांवरच उभ्या होत्या की नाही? आज निम्म्या जागा बायांच्या आहेत म्हणून उरलेल्या निम्म्या माणसांच्या, असा हिशोब आपल्या गावांनी लावून टाकला आहे. निम्म्या जागा बायांच्या आणि उरलेल्या निम्म्या दोघांच्या, असा तो आहे.

ग्रामसभेचंही असंच. ग्रामसभा ओपन असते, दवंडी होते, फळ्यावर सूचना लागते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात. आणि तिच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. किती गावांत ती खरी होते? काही ठिकाणी अंगणवाडीताई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतात आणि सह्या घेतात, झाली महिला सभा. सही मागायला कोणी आलं तर एवढंच विचारायचं, "सभा किती वाजता हाये? मी येते, तिथंच करते सही." भांडायचं नाही. हसून म्हणायचं.

एका गावची गोष्ट सांगते, नाव घेत नाही. तिथं सभागृह सगळ्यांसाठी होतं, पाटीवर तसं लिहिलेलंही होतं. किल्ली मात्र एका घरात. गटाच्या बाया गेल्या की घरात कोणी नसायचं, किंवा किल्ली सापडायची नाही, किंवा आज तिथं माणसांची बैठक. दोन वर्षं बायांनी लिंबाखाली बैठका घेतल्या. पाऊस आला की शाळेच्या ओट्यावर. मग एकीनं सुचवलं की आपण भांडण किल्लीवाल्याशी नको करू, अर्ज ग्रामपंचायतीला करू. अर्जात त्यांनी एवढंच लिहिलं की सभागृहाची किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात खिळ्याला टांगावी आणि शेजारी वही ठेवावी, ज्याला पाहिजे त्यानं नाव, वेळ लिहून न्यावी. महिला सभेत ठराव घेतला, मग ग्रामसभेत मांडला. कोणाला विरोध करायला जागाच उरली नाही, कारण त्यात कोणाविरुद्ध काही नव्हतं. आता त्या वहीत निम्म्याहून जास्त नावं बायांची असतात. किल्ली हरवली की पहिली बोंब आता माणसांची असते.

म्हणून माझ्या गटांना मी एक सवय लावते आहे. कोणी ओपन म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे. कोणासाठी? आणि किल्ली कोणाकडे? बँकेत विचारा, ले-आऊटमध्ये विचारा, ग्रामपंचायतीत विचारा. घरातही विचारायला हरकत नाही, पण तिथं जरा जपून, सासूबाईंचा मूड बघून.

त्या हिशोब बघणाऱ्या ताईंना मी यादी दाखवली. त्यांनी "सर्वसाधारण" हा शब्द बोट ठेवून दोनदा वाचला. म्हणाल्या, "यात तं बायायले मनाई नाही लिहिली." मी म्हटलं, नाही लिहिली. त्या म्हणाल्या, "पन घरी इचारा लागन." बरोबर आहे, घरी विचारावं लागेल. त्यांनी काय ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तरी ते त्या सांगतील तेव्हाच मी बोलेन.

तुम्ही एवढं करा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्याजवळ जा. एकटीनं नको, दोघी-तिघी जा. तिथं प्रभागाप्रमाणे जागांची यादी लागली असेल तर बघा, नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मागा. कोणती जागा सर्वसाधारण, कोणती सर्वसाधारण स्त्री, ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घ्या. पुढच्या बैठकीला ती वही सोबत आणा. आणि हो, येताना पासबुकंही आणा. ज्यांची खाती बंद पडली आहेत त्यांची केवायसीची कामं एकाच दिवशी करून टाकू.